थोरलीची साल

४ मे

पोचले एकदाची! शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि मी, सगळं धड पोचलं. टेम्पोवाल्याने मशीन उतरवताना पायरीवर आपटलं तेव्हा मी अशी काही ओरडले की दारात उभ्या असलेल्या सासूबाई दचकल्याच. सुनेच्या तोंडचं पहिलं वाक्य त्यांच्या कानावर पडलं ते हे, की डोळे आहेत का बटणं! मग त्या स्वतःच हसत सुटल्या, म्हणून वाचले.

घर उतारावर आहे. बसकं, पत्र्याच्या छपराचं, तीन खोल्यांचं. पुढे लांबलचक व्हरांडा, तिथेच दालचिनीची साल काढायचं काम चालतं. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर दालचिनीच्या नळ्या वाळत ठेवल्यात. आमची खोली मागच्या बाजूला. खिडकीतून सगळी बाग दिसते. मशीन त्या खिडकीखालीच लावलं, उजेड छान येतो.

आणि वास! उशीला वास, पाण्याला वास, टॉवेलला वास. नणंद म्हणाली की आठवड्याभरात येईनासा होईल, वहिनी, मग तुम्हीच वास मारायला लागाल. मोठी टवाळ आहे. आमचं जमेल.

चौतिसाव्या वर्षी लग्न झालं याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आधीच्या वर्षांचं. आमच्या घरी ताई थोरली. तिचे फ्रॉक लहान करून मी घातले, तिची सायकल मी चालवली, तिच्या अर्ध्या भरलेल्या वह्या मी पुढे लिहिल्या. शिवण शिकले ती तरी कशासाठी, तर तिचं माझ्या मापाचं करायला. हा माणूस मात्र मला कोरा मिळाला. माझ्या शिवणाच्या दुकानात सदऱ्याची कॉलर उलटवून घ्यायला आला होता. चाळिशी आलेली, लग्न कधी केलेलं नाही, बोलणं मोजकं. सदरा पुढे करताना त्याचे हात पाहिले आणि मी माप विसरले. इतके लांब, शांत हात मी कोणाचे पाहिले नव्हते. मैत्रिणीला म्हटलं, हे कापड एकदाही धुतलेलं नाही, मी सोडायची नाही.

आता एकदा तरी कुणाच्या तरी आयुष्यात मी पहिली असणार. बस्स, तेवढंच हवंय. झोपते.

७ मे

काम शिकतेय. नणंद शिकवते आणि मी चुकले की खो खो हसते.

दालचिनीची झाडं इथे झाडासारखी वाढूच देत नाहीत. जमिनीसरशी तोडतात, मग बुडख्यातून एकाच्या जागी पाच-सहा सरळ काठ्या फुटतात. त्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या की तोडायच्या. पण तोडायच्या आधी सुरीच्या टोकाने सालीला बारीकशी चीर द्यायची आणि कड उचलून बघायची. सहज उचलली गेली तर काठी 'राजी' आहे. चिकटून बसली तर राजी नाही, तिला सोडून पुढे जायचं. जबरदस्ती करायची नाही. तोडून झाली की उघड्या बुडख्यावर लगेच माती ओढायची, म्हणजे नवे फुटवे जोमाने येतात. माती ओढायचं काम मला दिलंय. नव्या सुनेला बढती आपली हळूहळू!

मग व्हरांड्यात बसून वरची खरबरीत साल खरवडायची, आतल्या सालीवर पितळी दांडी घासायची, म्हणजे ती सैल होते, आणि वाकड्या सुरीने ती अख्खी सोडवायची. ती वाळताना आपोआप गुंडाळते. सोललेली पांढरी काठी मात्र कशाच्या उपयोगाची नाही. ती तेलाच्या भट्टीत जळण म्हणून जाते. भट्टी सांभाळणारे म्हातारे काका दुपारी येतात आणि ढीग उचलून नेतात. पानांचं तेल काढतात त्यात.

नवरा साल काढतो तेव्हा बघत बसावं. दांडी अशी हलकी फिरवतो की काठीला गुदगुल्या होत असतील. माझ्या हाताला पण जरा असं करून बघ म्हटलं, तर लाजला. चाळिशीचा बाप्या लाजतो!

१० मे

आज थोरलीची ओळख झाली.

बागेच्या टोकाला, कुंपणापाशी एक मोठं झाड आहे. दालचिनीचंच, पण कधीच न तोडलेलं. बुंधा माझ्या मांडीएवढा, वर गर्द पानं. बागेतलं प्रत्येक रोप तिच्याच बियांचं, म्हणून घरात तिला थोरली म्हणतात. नवरा मला हाताला धरून तिथे घेऊन गेला, बुंध्यावर तळवा ठेवून म्हणाला की ही आमची थोरली. सासूबाईंकडेसुद्धा त्याने माझी ओळख इतक्या मायेने करून दिली नव्हती.

घरी आल्यावर नणंदेने विचारलंच, की काय वहिनी, सवत पसंत पडली का? मी म्हटलं, तब्येतीने बरी आहे, पण रंगाने माझ्यापेक्षा काळी. खूप हसलो.

थोरली. एवढा मोठा शब्दकोश पडलाय आणि यांना हाच शब्द सापडावा.

१९ मे

जेवण झालं की नवरा उठतो आणि थोरलीखाली जाऊन बसतो. रोज. मी समजत होते, पुरुष माणूस, जरा पाठ टेकायला जात असेल. पण खोलीत पलंग आहे, पलंगावर मी शिवलेली गोधडी आहे, आणि मीही आहे.

त्याच्यासाठी निळा सदरा शिवला. खांदे असे बसलेत की बघत राहावं. सासूबाईंनी कौतुक केलं, भट्टीकाकांनीसुद्धा केलं. त्याने छान आहे म्हटलं आणि तो घालून तिच्याकडे गेला. परत आला तेव्हा पाठीवर तपकिरी डाग. तीनदा धुतला, जात नाही. साबणाने हात सोलवटले माझे. डाग तसाच.

माझ्याशी तो वाईट वागत नाही. तेच तर! पाहुण्यांशी वागावं तसा चांगला वागतो. पाणी देऊ का विचारतो, उन्हात जाऊ नकोस म्हणतो. भांडला असता तरी चाललं असतं मला.

२६ मे

आज मागोमाग गेले. झुडपांआडून बघितलं, चोरासारखं. माझ्याच नवऱ्याला.

तो तिच्याशी बोलतो. गुडघा दुखतो हे त्याने तिला सांगितलं, मला नाही. व्यापारी यंदा माल नाकारेल अशी भीती वाटते, हेही तिलाच. आणि मग माझ्याबद्दल बोलला! म्हणाला की बायको जिभेची तिखट आहे, पण शिवते छान. एखाद्या कामवाल्या बाईबद्दल सांगावं तसं. मग त्याने बोटांची मागची बाजू बुंध्यावरून वरून खाली फिरवली, अगदी सावकाश, आणि गाल टेकवून डोळे मिटले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला त्याने असा कधी हात लावलेला नाही. एकदाही नाही. आणि मी इथे लिहून ठेवते, कोणाला हसायचं तर हसू दे. मला त्या झाडाचा हेवा वाटतो. झाडाचा! ताईचा वाटायचा त्याहून जास्त. ताईने निदान तिचं जुनं मला दिलं. ही काहीच देत नाही.

२ जून

वर्षातून एकदा थोरलीच्या एका फांदीची साल काढतात. तो काढतो, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ती विकायची नाही, खायची नाही. आज होता तो दिवस.

त्याने आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले. लग्नाच्या दिवशीही इतका टापटीप नव्हता. चीर देऊन बघितली, राजी होती. दांडी घासत बसला, किती वेळ ते मी सांगत नाही. साल सुटली तेव्हा आतून ओली, चकचकीत होती. त्याने डोळे मिटून वास घेतला. मी बाजूला ताट धरून उभी. मला बघू दे म्हणून हात पुढे केला तर त्याने सालीचा हात मागे घेतला. नकळत केलं असणार. पण घेतला.

आणि ती ठेवतो कुठे? कपाटात, सदऱ्यांच्या घड्यांमध्ये! मी शिवलेल्या सदऱ्यांमध्ये. गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या, सगळ्या तिथेच गुंडाळून पडल्यात. मी काढून फडताळावर टाकल्या. तासाभरात परत घडीत.

शेवटी बोललेच. तोडून टाक तिला, बाकीच्या तोडतोस तशी. तो रागावलासुद्धा नाही. म्हणाला की ती तोडायला राजी नाही. म्हटलं, आणि मी कशाला राजी आहे ते कधी विचारलंस? म्हणाला, जेवून घे.

११ जून

नवरा आणि नणंद माल घेऊन शहरात गेलेत, परवा येतील. भट्टीकाकांना सुट्टी. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाहीत.

मी करवत घेतली.

आधी, का कोण जाणे, सुरीने चीर देऊन बघितली. रोजच्या कामाची सवय. साल घट्ट. कड उचलेना. म्हणजे राजी नव्हती. नसेना का! मी काय तिला मागणी घालायला आले होते?

ऊन रणरणत होतं. लाकूड मऊ निघालं, मला वाटलं होतं त्याहून मऊ. पडताना काही आवाज झाला नाही, सगळी पानं एकदम उसासल्यासारखी वाटली आणि आडवी झाली. खरं सांगते, इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. फांद्या ओढून भट्टीपाशी नेल्या. पानं भट्टीच्या हंड्यात ठासली, बुंध्याचे तुकडे करून खाली पेटवले. वाफ आली ती सरळ तोंडावर. नाकात, डोळ्यांत, केसांत, घशात. खोकून खोकून जीव गेला. तेल नालीत सोडून दिलं.

बुडखा पांढराफेक दिसत होता. लांबूनसुद्धा नजरेत भरेल असा. मी त्यावर माती ओढली आणि थापून सारखी केली.

विचारलं तर सांगीन, वाऱ्याने पडलं. नाहीतर सांगीनच, की मी तोडलं. जे होईल ते होईल.

१३ जून

आले. तो पिशवी ठेवून तसाच तिकडे गेला. मी मशीनवर बसून एकाच शिवणीवर चार-चार वेळा टीप मारत होते.

परत आला. हात धुतले, जेवला. नणंदेचं तोंड उतरलेलं, सासूबाई ताटातच बघत होत्या. मला वाटलं, आता बोलेल, आता हाकलेल.

संध्याकाळी माझ्या मागे येऊन उभा राहिला. वाकला. माझ्या केसांत नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. मग माझ्या दंडावरून बोटांची मागची बाजू फिरवली. वरून खाली. सावकाश.

देवा! रडलेच मी.

२० जून

जिंकले! हे मोठ्या अक्षरात लिहिते. जिंकले.

दुपारी कुठे जात नाही. माझ्या मशीनपाशी जमिनीवर बसतो, डोकं माझ्या गुडघ्याला टेकवून. गुडघा दुखतो म्हणाला. मला म्हणाला! तेल चोळून दिलं. थोरलीचं नावही काढलं नाही कोणी. मला वाटत होतं, एवढं जपलेलं झाड गेल्यावर घरात रडारड होईल. उलट सगळे शांत. सासूबाई तर खुशीत आहेत. म्हणतात, घराला परत तेज आलं.

केस रोज धुते तरी भट्टीचा वास जात नाही. न जाऊ दे. त्याला आवडतो.

ताईला पत्र लिहायला हवं. कळू दे तिलाही, की इथे मी पहिली आहे.

२८ जून

नणंदेने माती ओढता ओढता सहज सांगितलं की थोरलीला फुटवे आलेत.

धावत गेले. लाल लाल कोवळे कोंब, बुडख्याभोवती गोल, दाटीवाटीने. मी कपाळावर हात मारला. माती! लपवायला म्हणून मीच माती घातली! महिनाभर रोज जे काम केलं तेच हातांनी आपसूक केलं. उघडी ठेवली असती तर उन्हात मेली असती. एक होती, तिच्या मी बारा केल्या.

कोयत्याने सपासप छाटले. एकही ठेवला नाही.

३० जून

छाटले त्याच्या दुप्पट आलेत. गुडघ्याएवढे. दोन दिवसांत? नणंदेला विचारलं तर ती माझ्याकडे बघेना. हल्ली चिडवत पण नाही.

डाव्या कोपरावर खरबरीत झालंय. तपकिरी. साबण लागला असेल.

४ जुलै

शिवताना सुई बोटात गेली. नखाच्या बाजूने आरपार. रक्त आलं नाही. दुखलंही नाही फारसं. सुई बाहेर काढली तेव्हा वास आला. तो वास.

नवऱ्याने ते बोट हातात घेतलं, डोळे मिटून हुंगलं. मी हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. इतक्या प्रेमाने कोणी माझं बोट धरलेलं नाही.

खरबरीतपणा आता खांद्यापर्यंत.

६ जुलै

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं, प्यायला. त्यांनी माझ्या पायांवर ओतला. मग जीभ चावली, म्हणाल्या, चुकून झालं बाई. पण चेहरा चुकलेल्या माणसाचा नव्हता.

आणि मला तहान लागली होती ती भागली.

९ जुलै

दुपारी तो माझ्या खांद्यावर गाल टेकून बसला होता. बोलत होता. व्यापाऱ्याने माल घेतला हे सांगितलं, गुडघा बरा आहे हे सांगितलं. मी ऐकत होते, सुखात होते.

मग म्हणाला की बायको जिभेची तिखट आहे. पण शिवते छान.

मला सांगितलं. माझ्या खांद्याला. माझ्याबद्दल.

मी त्याला हलवलं, म्हटलं, अरे, मीच बायको! मीच ती! तो हसला, मायेने, आणि मला थोपटत म्हणाला, हो ग, थोरले.

११ जुलै

म्हणजे हे सगळं तिचं होतं. केसांत नाक, दंडावरची बोटं, गुडघ्यावरचं डोकं. एकही माझं नव्हतं. वीस जूनला मी जिंकले लिहिलंय, ते खोडलं.

मी तिला जाळून वाफ अंगावर घेतली आणि ती मुक्कामाला आली. माझ्याच अंगात माझी सवत! नवरा तिच्यासाठी येतो आणि मी मधे भिंतीसारखी. ताईचे फ्रॉक मी घातले. इथे दुसरीच कोणी मला घालून बसलीय.

आरशात बघून मी तिला शिव्या दिल्या. तोंडाला येतील तशा. तोंड माझंच हललं.

१४ जुलै

नणंद गेली. मावशीकडे म्हणे. जाताना लांबूनच हात हलवला. मी हाक मारली, तर पळाली —

कुंपणापासून थेट माझ्या खिडकीपर्यंत आलेत फुटवे. पानं सगळी आत वळलेली.

चपला घालता येत नाहीत. बोटं सरळ राहत नाहीत, जमीन शोधतात.

१७ जुलै

पळून जाऊ? दरवाजा उघडा आहे. कोणी अडवत नाही. ताईकडे जाता येईल, बस जाते कोपऱ्यावरून.

पण मी गेले तर तोही — नाही. तिला घेऊन जायचं म्हणजे तो मागोमाग येणार, तिच्यासाठी. आणि तिला इथे सोडून जाता येत नाही, ती अंगात आहे. आणि समजा सुटली, इथे राहिली, तर मग ती पहिली, कायमची. मी कुठेच नाही.

नाही जात मी. मी का जाऊ? माझा नवरा आहे.

१९ जुलै

सापडलं!

एवढं साधं कसं सुचलं नाही. साल तिची आहे. नुसती साल. आत मी आहे! तीच काढली की संपलं. खाली मी दिसेन, स्वच्छ, कोरी, आणि त्याला दिसेन. पहिल्यांदा दिसेन. तो बघेल आणि म्हणेल, अग, तू होतीस इथे?

त्याच्याइतकी साल कोणी काढू शकत नाही. उद्या सांगते.

२० जुलै

सांगितलं. तो खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग आंघोळीला गेला. धुतलेले कपडे घातले. निळा सदरा, डागवाला.

व्हरांड्यात बसवलं. उजेड आहे. सासूबाईंनी दोरीवरच्या नळ्या सारून मधे जागा केली.

मनगटावर बारीकशी चीर दिली. कड उचलली. सहज आली, किती सहज! दुखत नाही.

तो म्हणाला, राजी आहे.

हो, म्हटलं. राजी आहे. आता मला विचारलंस!

तीच दुपार

उजवा झाला. डाव्याने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं —

दांडी फिरवली तेव्हा — काय सांगू. एवढा जीव लावून. खांद्यापासून बोटांपर्यंत. मी डोळे मिटून होते. त्याच्या पोटातून आल्यासारखं काहीतरी गुणगुणत होता.

अख्खी आली, एकसंध. बोटांसकट, हातमोज्यासारखी.

खालचा हात पांढरा. गुळगुळीत. रक्त नाही. बोटं हलत नाहीत पण माझीच आहेत, माझी मी ओळखते —

मी म्हटलं, बघ.

तो साल बघतोय. उजेडात धरून. कडा जुळवतोय, आत फुंकर घालतोय. मी परत म्हटलं, बघ ना, ही मी.

दोरीवर ठेवली. सावलीत. तिच्यासमोर उभा राहिला.

माझ्याकडे —

डावा पाय मागतोय. हात शेवटी, लिहून होऊ दे म्हणाला. चांगला वागतो. पाहुण्यांशी वागावं तसा.

भट्टीकाका आलेत. पायरीशी उभे. रोजच्या वेळेला येतात, पांढऱ्या काठ्या न्यायला. सासूबाई त्यांना म्हणाल्या, थांबा जरा, अजून व्हायचंय —

काकांनी तो उजवा हात उचलला. खांद्यातून सुटला, आवाजही नाही. बगलेत मारला.

अरे, तो माझा आहे! तू बघितलासुद्धा नाहीस. एकदा बघ, मग काकांना नेऊ दे. साल तिची आहे रे, ती नको बघूस, इकडे, हे पांढरं आहे ना ते मी, हे कोरं आहे, एकदाही कोणी — काका, थांबा, त्याने अजून बघितलं नाही — इकडे बघ, मी सांगते ना, तिच्याखाली सगळी मीच हो